रिमोटवर चालणारे स्विच: घरातली उपकरणं आणि बाहेरच्या दिव्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे स्विच बसवणारे आणि दुरुस्त करणारे आम्ही, आमच्याकडे प्रश्न ठरलेल्या क्रमाने येतात. आधी "किती लांबून चालतो?", मग "किती वॅट झेपतं?", आणि सगळ्यात शेवटी, कधी कधी काहीतरी जळाल्यावर, "यावर हीटर लावायला नको होता का?" खाली तो क्रम मुद्दाम उलटा केला आहे.

रिमोट स्विचवर कोणतं उपकरण लावावं आणि कोणतं लावू नये?

भिंतीवरचं बटण दाबणारा माणूस उपकरणाजवळ उभा असतो. इस्त्रीखाली कपडा राहिलाय का, पंख्यात काही अडकलंय का, हे त्याला दिसतं. रिमोट हातात आला की हात लांब जातो आणि त्याबरोबर डोळेही लांब जातात. म्हणून उपकरण निवडताना स्वतःला दोन प्रश्न विचारा.

पहिला: घरात कोणी नसताना हे आपोआप सुरू झालं तर काय होईल? टेबल लॅम्प असेल तर थोडी वीज वाया जाईल, बस. रूम हीटरवर पडदा उडून पडला असेल तर आग लागेल. इस्त्री, शेगडी, उष्णता देणारी गादी, केस वाळवायचं यंत्र यांचं उत्तर तेच. मिक्सर, करवत, ड्रिल यांचा धोका वेगळा आहे: कोणी पातं पुसत असताना दुसऱ्या खोलीतून बटण दाबलं गेलं तर बोटं जातील.

दुसरा: हे आपोआप बंद पडलं तर काय होईल? फ्रीज बंद पडला तर अन्न नासेल, आणि ते उशिरा कळेल. माशांच्या टाकीचा हवेचा पंप बंद पडला तर मासे मरतील. श्वासाला मदत करणारं किंवा उपचाराचं कोणतंही यंत्र रिमोट स्विचवर कधीही लावू नका.

दोन्ही उत्तरं निरुपद्रवी असतील तरच ते उपकरण रिमोटवर द्यावं. "आपोआप कसं सुरू होईल?" असं अनेक जण विचारतात. रिमोट उशीखाली दबतो, मूल खेळतं, महिन्यापूर्वी लावलेली वेळ कोणी विसरतं, गेलेली वीज परत येते, रिलेचे संपर्क, म्हणजे स्विचच्या आत वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, चिकटतात. यातलं प्रत्येक कारण आम्ही पाहिलं आहे.

हीटरच्या पुस्तिकेत "टायमर किंवा वेगळ्या रिमोट प्रणालीवर वापरू नये" असं लिहिलंय. कंपनी उगीच घाबरवते का?

नाही. हीटर झाकला गेला असेल किंवा चुकीच्या जागी ठेवला असेल आणि कोणी समोर नसताना सुरू झाला, तर आग लागू शकते. ती सूचना अगदी याच कारणासाठी छापलेली असते. ज्या हीटरसोबत कंपनीनेच रिमोट दिलेला असतो, त्यात आडवा झाला किंवा फार तापला तर बंद होण्याची सोय सहसा आतच असते. बाहेरून लावलेल्या स्विचला यातलं काहीच कळत नाही.

भिंतीवर पक्का बसवलेला, थर्मोस्टॅट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेला गिझर यापेक्षा बराच बरा. पण त्यालाही त्याच्या लोडला पुरणारा, पक्क्या वायरिंगचा स्विच हवा. पिनेवर खोचायचा छोटा डबा तिथे चालणार नाही.

डब्यावर १० अँपिअर लिहिलंय. म्हणजे १० अँपिअरपर्यंत काहीही चालेल?

इथेच सगळ्यात जास्त स्विच मरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिशोब सोपा आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २३० व्होल्टच्या घरात १० अँपिअर म्हणजे २३०० वॅट, आणि १२० व्होल्टच्या घरात १५ अँपिअर म्हणजे १८०० वॅट. पण तो आकडा साध्या तापणाऱ्या लोडसाठी, म्हणजे जुना पिवळा बल्ब किंवा हीटरची कॉइल यांच्यासाठी छापलेला असतो. तासन्‌तास चालणारा लोड त्या आकड्याच्या ८० टक्क्यांच्या आत ठेवावा.

मोटरची गोष्ट निराळी. पंप किंवा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते आठ पट करंट ओढतो. चालताना ४ अँपिअर घेणारी मोटर सुरुवातीला २० च्या वर जाऊ शकते. बंद करतानाही मोटरच्या गुंडाळीतली ऊर्जा संपर्कांमध्ये ठिणगी पाडते. रोजच्या ठिणग्यांनी संपर्क खडबडीत होतात आणि एक दिवस एकमेकांना चिकटतात. मग रिमोटने बंद करा, टिक आवाजही येईल, पण मोटर चालूच राहील.

एलईडी दिव्यांचा धोका लोकांच्या लक्षातच येत नाही. ५० वॅटचा फ्लडलाइट चालताना पाव अँपिअरही घेत नाही. पण त्याच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणाऱ्या आतल्या भागातला, कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) रिकामा असतो, आणि चालू करताच तो सेकंदाच्या अगदी सूक्ष्म भागासाठी दहा-वीस पट, कधी त्याहूनही जास्त करंट खेचतो. असे सहा-आठ दिवे एका रिलेवर असले की एकूण वॅट कमी असूनही रिले चिकटतो किंवा एमसीबी (करंट जास्त झाला की वीज तोडणारा खटका) पडतो. डब्यावर किंवा माहितीपत्रकात एलईडीसाठी वेगळा आकडा दिलेला असतो का, ते पाहा. १० अँपिअरच्या स्विचवर एलईडीचा आकडा १५० किंवा २०० वॅट दिसला तर तो छापखान्याचा दोष समजू नका. तो आकडा प्रामाणिक आहे.

पाण्याची मोटर रिमोटवर घ्यायचीच आहे. मार्ग काय?

मधे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या लोडसाठीचा दणकट रिले, बसवा. रिमोट स्विचने फक्त कॉन्टॅक्टरच्या कॉइलला वीज द्यायची, आणि मोटरचा भार कॉन्टॅक्टरने उचलायचा. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, पण मोटर प्रत्यक्षात त्याहून जास्त घेते, कारण थोडी ऊर्जा उष्णतेत जाते. त्यामुळे मोटरच्या पाटीवर छापलेला अँपिअरचा आकडा धरा, अश्वशक्तीवरून अंदाज करू नका. विहीर किंवा खालची टाकी रिकामी असताना पंप कोरडा चालला तर सील जळतं. तेव्हा पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर हवाच. लांबून मोटर लावणाऱ्याला विहिरीत पाणी आहे की नाही ते दिसत नसतं.

एलईडी बल्ब बंद केल्यावरही मंद जळतो किंवा लुकलुकतो. बल्ब खराब आहे का?

बहुतेक वेळा बल्ब चांगला असतो. भिंतीवरच्या जुन्या बोर्डात अनेकदा फक्त फेजची (वीज आणणारी) वायर आलेली असते, न्यूट्रल (वीज परत नेणारी वायर) थेट दिव्याकडे गेलेली असते. अशा ठिकाणी बसवायचे न्यूट्रलशिवाय चालणारे रिमोट स्विच स्वतःला जिवंत ठेवण्यासाठी थोडासा करंट दिव्यातूनच घेतात. जुन्या बल्बला तो जाणवायचाही नाही. एलईडीला मात्र तेवढा करंट मंद उजेडाला पुरतो, किंवा कपॅसिटर हळूहळू भरून दर काही सेकंदांनी लखकन चमकायला पुरतो.

उपाय दोन. बोर्डापर्यंत न्यूट्रल ओढून घ्या आणि न्यूट्रल लागणारा स्विच लावा. मला हाच पटतो. नाहीतर स्विचसोबत मिळणारा छोटा बायपास कपॅसिटर दिव्याच्या दोन टोकांना जोडा.

साधा रेडिओ रिमोट घ्यावा की वाय-फायचा स्विच?

अंगणातला दिवा अंथरुणातून लावायचा, कपाटामागचं बटण गाठायचं, एवढंच काम असेल तर साधा रेडिओ रिमोट. तो बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर चालतो, काही ठिकाणी ३१५ किंवा ८६८ वर. त्याला इंटरनेट लागत नाही, पासवर्ड लागत नाही आणि घरातल्या कोणालाही शिकवावा लागत नाही. उणीव एकच, पण महत्त्वाची: बहुतेक साधे रिमोट फक्त आज्ञा पाठवतात, उत्तर घेत नाहीत. दिवा खरंच लागला का, हे रिमोटला माहीत नसतं.

घराबाहेरून नियंत्रण, वेळापत्रक किंवा किती युनिट जळले याचा हिशोब हवा असेल तर वाय-फाय. घेण्याआधी एक गोष्ट विचारा: इंटरनेट बंद असताना घरातल्या घरात चालतो का? काही स्विच प्रत्येक आज्ञा कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवून परत आणतात. सर्व्हर बंद झाला की हाताशी फक्त प्लास्टिकचा डबा उरतो. २०२२ मध्ये आलेलं मॅटर हे मानक घरातल्या नेटवर्कवरच थेट नियंत्रण देतं, म्हणून ते चिन्ह पाहून घेतलेलं बरं. झिगबी आणि झेड-वेव्ह या दुसऱ्या रेडिओ पद्धतींचे स्विच वेगळ्या हबवर, म्हणजे त्यांना घरच्या नेटवर्कशी जोडणाऱ्या डब्यावर, चालतात. दहा-बारा स्विच असतील तर तो खर्च सार्थकी लागतो, दोन-तीन स्विचसाठी नाही.

वाय-फाय स्विच जोडला जात नसेल तर आधी बँड, म्हणजे वाय-फाय कोणत्या लहरीवर आहे ते, पाहा. बहुतेक स्विच फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात आणि फोन ५ वर असतो.

वाय-फाय स्विच कोणी हॅक करेल का?

दिव्यापेक्षा नेटवर्कची काळजी करा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रामने कारखान्यातलेच पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्या ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर अनेक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या. त्या उपकरणांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. तेव्हा पासवर्ड बदला, अपडेट येतील ते घ्या, आणि शक्य असेल तर हे स्विच राउटरच्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर ठेवा.

शेजारच्या घरातल्या रिमोटने आमचा दिवा लागतो. हे कसं?

दोघांच्या स्विचचा कोड एकच निघाला. जुन्या पद्धतीच्या स्विचमध्ये कोड छोट्या खटक्यांनी ठरतो. पाच खटके म्हणजे फक्त ३२ जुळण्या, आणि बहुतेक लोक कारखान्यातून आलेली जुळणी तशीच ठेवतात. खटके बदला, रिमोटमध्ये आणि स्विचमध्ये सारखेच. शिकणाऱ्या प्रकारात, म्हणजे स्विचचं बटण दाबून धरून रिमोट ओळखवायच्या प्रकारात, कोड २० बिटांचा असतो आणि जुळण्या दहा लाखांच्या वर जातात. तिथे योगायोग जवळजवळ होत नाही.

ही तक्रार फार जुनी आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने एक्स-टेन ही पद्धत काढली. तिचा संदेश घरातल्या विजेच्या वायरमधूनच १२० किलोहर्ट्झवर जायचा. वायर घराच्या भिंतीपाशी थांबत नाही, एकाच ट्रान्सफॉर्मरवरच्या दुसऱ्या घरातही संदेश पोचायचा. म्हणून तिच्यात घराचे १६ आणि उपकरणांचे १६ असे मिळून २५६ पत्ते ठेवले होते.

दिव्यासाठी न बदलणारा कोड चालतो, कारण फार तर दिवा लागेल. फाटक किंवा कुलूप मात्र अशा रिमोटवर ठेवू नका. हवेतून गेलेला तोच कोड टिपून पुन्हा पाठवता येतो. तिथे दर दाबाला बदलणारा कोडच हवा.

डब्यावर ३० मीटर लिहिलंय, घरात १० मीटरवर बंद पडतो. फसवलं का?

तो आकडा मोकळ्या मैदानाचा असतो. काँक्रीटमधल्या सळया, लोखंडी कपाट, आरसा आणि पाण्याची टाकी रेडिओ लहरी अडवतात. स्विच लोखंडी बोर्डाच्या डब्यात असेल तर अंतर अगदीच घटतं.

आधी रिमोटची बॅटरी बदलून पाहा. त्यावरचा लाल दिवा लागतो म्हणजे बॅटरी ठीक आहे असं नाही, तो अशक्त बॅटरीवरही लागतो. मग स्विचमधून बाहेर लोंबणारी बारीक वायर शोधा. ती अँटेना आहे, ४३३ मेगाहर्ट्झसाठी साधारण १७ सेंटिमीटरची. अनेक जण ती जास्तीची वायर समजून कापतात किंवा गुंडाळून कोंबतात. ती सरळ मोकळी सोडा, पण तिचं आवरण सोलू नका: स्वस्त स्विचमध्ये त्या वायरवर थेट फेज असू शकतो.

रिमोटने दिवा लागतो, पण बंद होत नाही. मेन बंद-चालू केल्यावर पुन्हा नीट चालतो.

हे कोडं मला स्वतःला सोडवायला बरेच दिवस लागले होते. रिले चिकटलाय असं वाटतं, पण खुणा पाहा: रिमोट स्विचच्या अगदी जवळ नेल्यावर दिवा बंद होतो. म्हणजे रिले ठीक आहे, स्विचला ऐकू येत नाहीये. स्वस्त एलईडी ड्रायव्हर चालू असताना रेडिओ गोंगाट सोडतो. रिसीव्हर त्याच्या शेजारीच असेल तर रिमोटचा आवाज त्या गोंगाटात बुडतो. दिवा बंद असताना गोंगाट नसतो, म्हणून लावण्याची आज्ञा पोचते.

रिसीव्हर दिव्याच्या घुमटातून काढून मीटरभर लांब न्या. किंवा दुसऱ्या कंपनीचा बल्ब लावून पाहा, अनेकदा तेवढ्यानेच भागतं. जवळ नेऊनही बंद होत नसेल, तर मात्र रिले चिकटला आहे. स्विच टाकून द्या.

बाहेरच्या दिव्यांसाठी कसा स्विच घ्यावा?

माझं पहिलं उत्तर: शक्यतो स्विच बाहेर लावूच नका. बाहेरच्या दिव्याची वायर घरातून जिथून निघते, तिथे आतच स्विच बसवा. दिवा पावसात राहील, स्विच कोरडा राहील. रेडिओ लहरीला एखादी साधी भिंत फारशी अडवत नाही, आणि ऊन, पाऊस, मुंग्या या तिन्हींपासून एकदम सुटका होते. मुंग्यांचं खरंच सांगतो: रिलेच्या संपर्कांमध्ये चिरडलेल्या मुंग्यांमुळे बंद पडलेले स्विच आमच्याकडे नेहमी येतात.

बाहेर लावावाच लागला तर आयपी आकडा, म्हणजे डबा धूळ आणि पाणी किती रोखतो ते सांगणारा आकडा, पाहा. आयपी ४४ म्हणजे उडणारं पाणी सोसणारा, तो छपराखाली चालेल. उघड्यावर आयपी ६५, म्हणजे धूळबंद आणि पाण्याच्या फवाऱ्याला टिकणारा. आयपी ६७ ठरावीक वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. मात्र हा आकडा झाकण बंद असताना आणि रबर जागेवर असतानाच खरा. वायर आत शिरायचं भोक नीट बंद केलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही.

डबा जमिनीपासून उंच लावा. वायर वरून थेट डब्यात घेऊ नका. आधी खाली झोल द्या आणि मग खालच्या बाजूने आत न्या, म्हणजे पाणी झोलावरूनच गळून जाईल. बाहेरच्या सगळ्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा गळती ओळखून वीज तोडणारा ब्रेकर आणि अर्थिंग हवंच. यात तडजोड नाही. ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या माणसाला वाचवण्याचं काम तो ब्रेकरच करतो, एमसीबी करत नाही. महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबून पाहा.

उन्हात बंद डबा तापतो, म्हणून बाहेरच्या स्विचवर लोड नेहमीपेक्षाही कमी ठेवा.

संध्याकाळी आपोआप लागून सकाळी बंद व्हावेत. फोटोसेल की टायमर?

उजेड-अंधार ओळखणारा फोटोसेल स्वस्त आणि सोपा, पण त्याच्यावर स्वतःच्याच दिव्याचा उजेड पडता कामा नये. नाहीतर अंधार झाला की दिवा लागतो, उजेड दिसला की बंद होतो, पुन्हा अंधार, पुन्हा दिवा, असा रात्रभर खेळ चालतो. सेन्सर दिव्याकडे पाठ करून लावा.

साध्या टायमरला ऋतू कळत नाहीत. विषुववृत्ताजवळ फरक पडत नाही, पण ५० अंश अक्षांशावर उन्हाळ्यातल्या आणि हिवाळ्यातल्या सूर्यास्तात सुमारे चार तासांचं अंतर पडतं. अक्षांश, रेखांश आणि तारीख घेऊन रोजचा सूर्यास्त काढणारे खगोलीय टायमर मिळतात. अनेक वाय-फाय स्विचमध्येही ती सोय असते.

मला आवडणारी मांडणी अशी: सूर्यास्ताला लागावा, झोपायच्या वेळी बंद व्हावा, नंतर कोणी आलं तर हालचाल ओळखणाऱ्या सेन्सरवर काही मिनिटं लागावा. रात्रभर जळणाऱ्या दिव्याभोवती किडे-पाखरं मरेपर्यंत घिरट्या घालतात. ३००० केल्विन किंवा त्याखालचा पिवळसर दिवा खाली तोंड करून लावला तर ती तुलनेने कमी येतात.

वीज जाऊन आल्यावर स्विच कोणत्या स्थितीत येतो?

स्विचगणिक वेगळं. काही बंद राहतात, काही आधीच्या स्थितीत येतात, काही सरळ चालू होतात. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी मेन बंद-चालू करून तपासा. वाय-फाय स्विचमध्ये हे बहुधा ॲपमधून ठरवता येतं. दिव्याशिवाय कशासाठीही "बंद राहा" हेच निवडा.

टीव्ही, वॉशिंग मशीन, एअर कूलर रिमोट स्विचवर लावले तर?

स्पर्शाच्या बटणांचं उपकरण असेल तर फारसा उपयोग नाही. वीज आली तरी ते स्टँडबायमध्ये थांबतं आणि त्याच्या स्वतःच्या बटणाची वाट पाहतं. खटक्याच्या किंवा फिरवायच्या बटणाचं असेल तर चालेल. कॉम्प्रेसर असलेलं काहीही बंद करून लगेच चालू करू नका, तीन ते पाच मिनिटं जाऊ द्या.

स्विच स्वतः किती वीज खातो?

साधारण अर्धा ते एक वॅट. एक वॅट वर्षभर म्हणजे ८.७६ युनिट. ज्या उपकरणाचा स्टँडबाय १० वॅट आहे, ते यावर लावून बंद ठेवलं तर नक्की बचत होते. मोबाइलच्या रिकाम्या चार्जरसाठी मात्र लावू नका, चार्जरपेक्षा स्विचच जास्त खाईल.

रिमोटने बंद करून बल्ब बदलला तर चालेल ना?

नाही. रिले बहुधा एकच वायर तोडतो. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असतील तर होल्डरमध्ये फेज तसाच राहतो. शिवाय तुम्ही शिडीवर असताना खाली कोणीतरी बटण दाबू शकतं. पिन काढा किंवा एमसीबी पाडा, मगच हात घाला.

एका रिमोट सॉकेटमध्ये दुसरा, किंवा त्यात एक्स्टेंशन बोर्ड लावू का?

लावू नका. प्रत्येक जोडणी तापते, आणि सगळ्यांचा भार पहिल्याच सॉकेटवर येतो.

स्वतः बसवता येईल का?

पिनेवर खोचायचा कोणीही लावू शकतं. भिंतीच्या बोर्डातला किंवा बाहेरच्या लाइनवरचा वायरमनकडूनच बसवून घ्या, आणि भिंतीवरचं हाताचं बटण काढून टाकू देऊ नका. रिमोट हरवतो, बॅटरी संपते. गुडघे दुखणाऱ्या किंवा व्हीलचेअरवरच्या माणसासाठी हा स्विच फार मोठी सोय आहे, म्हणूनच रिमोट चालला नाही तर त्याच्या हाताला लागेल असं दुसरं बटण हवं. त्यांच्यासाठी मोठ्या बटणांचा, दोनच चॅनेलचा रिमोट घ्या आणि पलंगाशेजारी दोरीने बांधून ठेवा. बारा बटणांच्या रिमोटमध्ये अंधारात योग्य बटण सापडत नाही.

स्विच खराब व्हायला लागलाय हे कसं ओळखायचं?

तासभर चालल्यावर हाताला कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर नाही. पिनेच्या भोकाभोवती प्लास्टिक पिवळं किंवा तपकिरी पडणं, गुणगुण आवाज, माशासारखा वास, बंद करताना टिक उशिरा ऐकू येणं या सगळ्या इशाऱ्याच्या खुणा आहेत. टिकटिक होऊनही लोड बंद होत नसेल तर संपर्क चिकटले आहेत. अशा वेळी काही जण स्विचला टिचकी मारतात, संपर्क सुटतात आणि तो पुन्हा चालायला लागतो. तो पुन्हा चिकटणार, आणि तेव्हा घरात कोणी असेलच असं नाही. एमसीबी पाडा आणि त्याच दिवशी स्विच बदला.